कॉम्प्युटरची पावणी

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची किंमत कोणी विचारली की मला तहान लागते. मी पाणी प्यायला आत जातो आणि पाहुणा विषय बदलेपर्यंत बाहेर येत नाही. एकदा बायकोच्या मामेभावाने विषय बदललाच नाही, तेव्हा मी सात पेले पाणी प्यायलो होतो. आता मात्र लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. आमच्या साऱ्या लाटंबार्शे गावाला तो आकडा पाठ झाला आहे, तेव्हा निदान तो घडला कसा हे तरी माझ्या तोंडून कळावं म्हणून सांगतो.

मी कृष्णनाथ परब, डिचोलीच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क. पण गावात मला हेडक्लार्क म्हणून कोणी विचारत नाही. सातेरीच्या जत्रेत पावणी मी चालवतो, ही माझी खरी ओळख. देवीला आलेले नारळ, केळ्यांचे घड, लुगडी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मंडपात लिलावाला निघतात, त्या लिलावाला आमच्याकडे पावणी म्हणतात. पैसे देवस्थानाला जातात आणि घसा माझा बसतो. वीसहून अधिक वर्षं मी त्या चौथऱ्यावर उभा राहून "एक वार, दोन वार" ओरडतो आहे, आणि माझ्यासारखा आवाज पेडणे तालुक्यातही नाही, असं पेडण्याच्याच लोकांनी मला सांगितलेलं आहे.

पावणीची एक रीत आहे. बाजारातला बारा रुपयांचा नारळ इथे तीनशेला जातो, आणि जायलाच हवा. समजा एखाद्या भल्या गृहस्थाने नारळावर पन्नास रुपये म्हटले आणि पुढे कोणी बोललंच नाही, तर त्याचा अपमान झाला. याच्या बोलीवर बोलावं एवढीही याची लायकी नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून शेजारीपाजारी साठ म्हणतात, ऐंशी म्हणतात, त्याला चढवतात, त्याला मान देतात. शेवटी गृहस्थाची ताकद संपत आली की तो हळूच कान खाजवतो. ते बघितलं की सगळे गप्प. मी "तीन वार" म्हणतो, नारळ त्याला मिळतो आणि तो मान वर करून घरी जातो. हे सगळं नीट सांगितलं, कारण पुढच्या घोटाळ्याचं मूळ त्या कानात आहे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, माझी मुलगी सिद्धी बारावी होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. क्लासात एका मशीनवर तिघी बसायच्या, त्यातली एक अंगाने जरा भरलेली होती, त्यामुळे सिद्धीच्या वाट्याला माऊसची शेपटीच यायची. मग तिने पंख्याच्या खोक्याचं झाकण कापून त्यावर कीबोर्ड काढला. एकेक बटण पट्टीने आखलेलं, अक्षरं स्केचपेनने. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ती त्या पुठ्ठ्यावर टक टक करत राही. म्हापशाच्या एका पतसंस्थेत जागा निघाली होती, सत्तावीस नोव्हेंबरला परीक्षा, मिनिटाला तीस शब्द टाईप करायचे.

"कसं काय चाललंय?" मी एकदा विचारलं.

"पुठ्ठ्यावर माझी एकही चूक होत नाही, बाबा," ती म्हणाली. "म्हणजे होते की नाही, तेच कळत नाही."

ते मला लागलं. माझ्या बायकोला, सुमंगलेलाही लागलं असावं, कारण त्याच दिवशी तिने बिस्किटांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात काजूच्या बियांचे सहा हजार रुपये होते. "पोरीक कॉम्प्युटर घेवन् येयात," ती म्हणाली. "सहा हजार. वर एक पैसो ना."

वरचे पैसे म्हणजे काय, ते मला बरोबर समजलं. माझ्याकडे वेगळे साडेपाच हजार होते, पण ते दातांचे. आदल्या जत्रेत खाजं खाताना माझे पुढचे दोन दात गेले. जत्रेतलं खाजं कडक असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्या वर्षीचं खाणीतून काढलेलं असावं. तेव्हापासून मी "सातेरी" म्हटलं की पहिल्या अक्षराबरोबर वारा बाहेर पडतो. पावणीच्या माणसाला हे शोभत नाही. पुढच्या जत्रेआधी दात बसवायचे, असं आमचं ठरलेलं होतं.

नवा कॉम्प्युटर चोवीस हजारांना, असं म्हापशाच्या दुकानदाराने सांगितलं. मी सहा हजार म्हटल्यावर त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी विचारलं. बाहेर पडलो तेव्हा वापरलेलाच घ्यायचा हे नक्की झालं होतं. तो इंटरनेटवर लिलावात मिळतो, असं सिद्धीकडून कळलं. लिलाव! हा शब्द ऐकून माझी छाती दोन इंच फुगली. देवीनेच हे माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

ही बातमी मी शेजारच्या भिकाजीच्या सोप्यावर सांगितली, ती माझी पहिली चूक. भिकाजी खाणीवर लोडर चालवून निवृत्त झालेला. त्याच्या घराबाहेरच्या त्या दगडी बाकावर रोज संध्याकाळी तो आणि निवृत्त पोस्टमास्तर गोकुळदास बसतात आणि गावाचा कारभार बघतात. पंचायतही बघते, पण तिला उशीर लागतो.

"सेकंडहँड घेताना पयलीं इंजिन गरम करून बघ," भिकाजी म्हणाला. "थंड इंजिन सगळींच बरीं वाजतात."

"आणि मालक कित्याक विकता तें विचार," गोकुळदास म्हणाला. "घरात कोण वारलो बिरलो असलो तर घेव नको. पत्रान विचार, म्हणजे पुरावो रवता."

"पण इतल्या लोकांतसून तुका मेळतलो कसो?" भिकाजीने काळजीने विचारलं.

"भिकाजीबाब," मी म्हणालो, "एकोणीस वर्षां मी पावणी चालवतंय. लिलाव माका शिकवू नकात." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर मी तेव्हाच ओळखायला हवी होती.

डिचोलीला बस स्टँडच्या मागे दीपाचा सायबर कॅफे आहे. सहा कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडच्या उंच फळ्या, तासाला वीस रुपये. दीपा माझ्याच हायस्कुलातली जुनी विद्यार्थिनी, पण धंद्यात ओळख आणत नाही. तिने मला एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. चालू लिलावातला आकडा बघू नका सर, संपलेले लिलाव बघा, तसलं मशीन शेवटी कितीला गेलं ते बघा, म्हणजे रास्त भाव कळतो. आम्ही बघितले. पेंटियम फोर, चाळीस जीबीची डिस्क, सतरा इंची मॉनिटर, असे चौदा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात पाच ते सहा हजारांत गेलेले होते. म्हणजे सुमंगलेचा डबा अगदी बरोबर बोलत होता.

बोली करायची तर आधी नाव नोंदवावं लागतं. तो फॉर्म भरताना एक प्रश्न आला : तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? दीपा म्हणाली, काहीही घाला. पण मी हेडक्लार्क आहे. खोटी माहिती मी दुसऱ्याच्या फॉर्मातसुद्धा चालवून घेत नाही. आमच्या घरचा पहिला प्राणी म्हणजे एक म्हैस, आणि ती माझ्या जन्माआधी गेलेली. गोकुळदासला विचारलं तर तो म्हणाला, खोटं लिहिलंस तर पुढे कज्जा होईल. शेवटी एक रजा टाकून इब्रामपूरला चंद्रभागा आत्याकडे गेलो. आत्या नव्वदीची. तिने म्हशीचं नाव सांगायला तीन तास घेतले, कारण मध्ये म्हशीच्या चारही रेडकांच्या कथा आल्या. नाव निघालं रत्नी. फॉर्म भरून झाला, पण आठवडा गेला.

मग मशीन निवडलं. मालक बेळगावचा, नाव शंकर. मी त्याला साइटवरूनच रीतसर पत्र पाठवलं : महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विचारण्यात येते की, सदर यंत्र विकण्याचे कारण काय, व घरात अलीकडे काही अशुभ घडले आहे काय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : मशीन एकदम चांगली हाय साहेब, गावाकडं आईला टीव्ही पाहिजे म्हणून विकायलोय. आईसाठी विकतो म्हटल्यावर मी विरघळलो. गोकुळदासलाही कारण पसंत पडलं.

लिलाव संपायचा होता दिवाळीनंतरच्या रविवारी, दुपारी चार वाजता. हेही मी सोप्यावर सांगितलं होतं, ती दुसरी चूक.

तीन वाजता मी आणि सिद्धी दीपाच्या कॅफेत पहिल्या कॉम्प्युटरवर बसलो. मी जत्रेचा सदरा घातला होता. सिद्धीने पुठ्ठा मांडीवर घेतला होता, हात मोकळे राहू नयेत म्हणून. दीपाने सुचवलं की सर, तुमचा शेवटचा आकडा सहा हजार आधीच घालून ठेवा, मशीन तुमच्या वतीने थोडी थोडी बोली वाढवत जाईल. हे ऐकून मला काय वाटलं असेल? एकोणीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघून सारा गाव बोली करतो, आणि माझ्या वतीने एक मशीन बोलणार! मी तिला म्हटलं, तू तुझा कॅफे सांभाळ.

साडेतीनला आकडा होता चार हजार दोनशे, आणि तो माझा होता. खरं सांगतो, माझ्या मनात किंचित वाईटही वाटलं, कोणीच पुढे बोलत नव्हतं म्हणून. इतक्यात पडदा हलला. 'लोडर५२' नावाच्या कोणीतरी साडेचार हजार केले. मी चार हजार सातशे केले. लगेच 'पिनकोड' नावाचा दुसरा उठला, त्याने पाच हजार केले.

"हे मुंबईचे दलाल," मी सिद्धीला कुजबुजून सांगितलं. "नावावरूनच कळतं."

त्याच वेळी पलीकडच्या कुठल्याशा फळीआडून कोणी खोकलं. खोकला ओळखीचा वाटला, पण माझं लक्ष कुठे होतं! पाच हजार तीनशे मी, साडेपाच लोडर, पाच हजार आठशे पिनकोड, सहा हजार मी. डबा संपला. मी कान खाजवला. सवयच ती, एकोणीस वर्षांची. पडद्यावर लगेच आकडा आला, सहा हजार तीनशे.

"बाबा, पुरे," सिद्धी म्हणाली. "दुसरं बघू. मी पुठ्ठ्यावर करीन."

तिने असं म्हटलं नसतं तर मी उठलो असतो. पण माझी नजर तिच्या मांडीवर गेली. पुठ्ठ्यावरची काही अक्षरं बोटांनी पुसून गेली होती, आणि तरी तिचं बोट त्या पुसलेल्या जागीच बरोबर पडत होतं. परीक्षेला चार आठवडे होते. त्यात तो लोडर नावाचा मेला मुंबईत बसून मला खिजवत होता. मी सहा हजार सहाशे केले, आणि मग मला काही समजेनासं झालं. आयुष्यभर लोकांना चढवणारा मी, तो स्वतः चढलो. सात, साडेसात, आठ. एका हाताने मी बोली करत होतो आणि दुसऱ्या हाताने कान खाजवत होतो. नऊ, साडेनऊ, दहा. कान इतका लाल झाला की दीपाने येऊन विचारलं, सर, काही चावलं का? अकरा हजार तीनशे लोडर. अकरा हजार पाचशे मी.

लोडर गप्प, पिनकोड गप्प. चार वाजले आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझं अभिनंदन झालं. मला घाम फुटला होता.

बसमध्ये सिद्धीने पुठ्ठा पिशवीत घातला. मग म्हणाली, "आईला काय सांगायचं?"

"सहा हजार."

"आणि वरचे?"

मी दातांच्या रिकाम्या जागेवरून जीभ फिरवली. तिला कळलं. तिने माझा हात धरला, आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी जनेलातून बाहेर बघत राहिलो. घरी सुमंगलेला मी सांगितलं की मशीन सहा हजारांना पडलं, आणि दात एवढ्यात नकोत, डॉक्टर म्हणतात हिरड्या अजून तयार नाहीत. सुमंगला "बरां" म्हणाली आणि मासे साफ करायला गेली. ती इतक्या लवकर "बरां" म्हणते तेव्हा सावध व्हायचं असतं, पण मी सुटलो म्हणून खूश होतो.

पैशांचा ड्राफ्ट पाठवला आणि शंकरचा फोन आला. "साहेब, मशीन कुठं पाठवू?"

"लाटंबार्शाला. तालुका डिचोली."

"डिचोली?" तो ओरडलाच. "अवो, मी हितंच असतोय की! इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला हाय. मशीनबी रूमवरच हाय, बस स्टँडच्या मागं, त्या सायबर कॅफेच्या वरच्या माळ्यावर."

म्हणजे ज्या मशीनसाठी मी तासभर घाम गाळला, ते माझ्या डोक्यावर बारा फुटांवर होतं. "मी रिक्षा घेऊन आत्ता येतो," मी म्हटलं.

"तसं न्हाई चालणार, साहेब," शंकर गंभीर झाला. "अकाउंट बेळगावच्या पत्त्यावर काढलंय. नियमात लिवलंय, माल नोंदलेल्या पत्त्यावरनंच जायला पाहिजे. ही माझी पहिलीच विक्री हाय. नियम मोडला तर चांदणी मिळायची न्हाई."

चांदणी म्हणजे विक्रेत्याच्या नावापुढे लागते ती. इतर कोणी असता तर मी भांडलो असतो. पण नियमाला इतका मान देणारा माणूस मला हायस्कुलात कधी भेटला नव्हता. मी हो म्हटलं. त्या शनिवारी त्याने कॉम्प्युटर मांडीवर घेऊन चोर्ल्याच्या घाटातून बसने बेळगाव गाठलं, तिथे तो खोक्यात बांधला आणि रीतसर पार्सल करून परत गोव्याकडे पाठवला.

पार्सल सीमेवरच्या एका नाक्यावर अडलं. मला बोलावणं आलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, व्यापारी माल की घरगुती? मी म्हटलं घरगुती, मुलीसाठी. मुलगी आहे याचा पुरावा? मी रेशनकार्ड दाखवलं. घरात वीज आहे याचा पुरावा? मी विजेचं बिल दाखवलं. मग त्याने पेन उघडलं आणि विचारलं, माल कुठला? इथे मी खोटं बोललो असतो तर संध्याकाळी घरी पोहोचलो असतो. पण स्वभाव.

"माल डिचोलीचाच," मी म्हटलं. "बेळगावला जाऊन आला."

त्याने पेन मिटलं. बाहेरून आत येणाऱ्या मालाला एक फॉर्म होता, आतून बाहेर जाणाऱ्याला दुसरा. जाऊन आलेल्या मालाला फॉर्मच नव्हता. तो मोठ्या साहेबांना विचारायला गेला, मोठे साहेब लग्नाला गेले होते. हेडक्लार्क म्हणून मला त्याचं म्हणणं पटत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. चार दिवसांनी माझ्याच हस्ताक्षरात एक नवा नमुना तयार करून घेण्यात आला, आणि तो तिथे अजून वापरतात असं ऐकतो.

पंधरा नोव्हेंबरला कॉम्प्युटर घरी आला. परीक्षेला बारा दिवस उरले होते. सुमंगलेने मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ फोडला. सिद्धीने पहिलं वाक्य टाईप केलं, त्यात चार चुका झाल्या, आणि त्या दिसल्या म्हणून ती इतकी हसली की मीही हसलो. एवढ्यात भिकाजी आणि गोकुळदास पेढे घेऊन आले. सुमंगला चहाला आत गेली, आणि भिकाजीने माझ्या पाठीवर थाप मारली.

"मानान घेतलास हां, कृष्णनाथबाब! आमी नसतंव तर चार हजारांत पडलो असतो. गावान काय म्हटला असता?"

मला आधी काही कळलंच नाही. मग मुंबईचा दलाल माझ्या डोळ्यांसमोर बनियनवर उभा राहिला. "लोडर तुमी?"

"आणि मी पिनकोड," गोकुळदास लाजत म्हणाला. "भिकाजीची सून शुभांगी आमकां घेवन् बसली, पाचव्या आणि सहाव्या मशीनार. तुझ्या बोलयेर कोण बोललो ना तर तुका वाईट दिसतला म्हणान."

इतका राग मला जन्मात आला नव्हता. पण सुमंगला आत होती, आवाज चढवायची सोय नव्हती. म्हणून मी कुजबुजत भांडलो. दोन दात नसताना कुजबुजत भांडायचं म्हणजे नुसती शिट्टी वाजते. "सहा हजारांपासून मी कान खाजवतोय!" मी शिट्टी वाजवली. "दिसलो ना तुमकां?"

"फळयेतल्यान कान कसो दिसतलो?" भिकाजीही कुजबुजला.

"आकडो दिसता, तोंड दिसना," गोकुळदास म्हणाला. "हो त्या साइटीचो दोष. तक्रार करूक जाय."

"मग अकरा तीनशेला कशे थांबलात? काय दया आली?"

भिकाजीने मान खाली घातली. "तास भरलो. दीपान मशीन बंद केल्यान. फुडल्या तासाचे वीस रुपये कोण दितलो?"

शेवटची गोष्ट ऐकून मी खुर्चीत बसलो. मला हजारोंनी चढवायला निघालेला माणूस वीस रुपयांसाठी थांबला, म्हणून मी वाचलो. माझा चेहरा बघून दोघांनाही खरंच वाईट वाटलं. भिकाजीने पेढ्याच्या पुडीवर हात ठेवून सातेरीची शपथ घेतली की यापुढे कृष्णनाथच्या बोलीवर या वाड्यावरचं कोणी, कधीही, तोंड उघडणार नाही. सुमंगला चहा घेऊन आली तेव्हा तिघेही हवापाण्यावर बोलत होतो. ती म्हणाली, "कुजबुजतात कित्याक? कोण निजला हां?" आणि परत आत गेली.

बारा दिवस घरात टक टक चालू होती. सत्तावीस तारखेला सिद्धीने मिनिटाला एकतीस शब्द टाईप केले. जानेवारीपासून कामावर हजर व्हा, असं पत्र आलं ते मी पोस्टमनकडून अर्ध्या वाटेत घेतलं आणि रस्त्यातच रडलो, सांगायला मला लाज नाही.

मग जत्रा आली. सिद्धीने मला न सांगता नवस केला होता की नोकरी लागली तर पुठ्ठा देवीच्या पायांशी ठेवीन, आणि तिने तो ठेवला. देवीला आलेली वस्तू पावणीत निघते, त्यात अपवाद नाही. दुसऱ्या दिवशी मी चौथऱ्यावर उभा होतो, नारळ झाले, घड झाले, लुगडी झाली, आणि कोणीतरी माझ्या हातात पुठ्ठा दिला.

"सातेरीच्या पायांकडचो पुठ्ठो!" मी ओरडलो. वारा सुटला, पुढची पोरं हसली. "कोण बोलता?"

कोणी बोललं नाही. पंख्याच्या खोक्याचं झाकण, त्याचं कोण काय करणार? मी पुन्हा ओरडलो. उन्हात ती पुसलेली अक्षरं दिसत होती. माझ्या पोरीची अर्ध्या वर्षाची बोटं होती ती, आणि सारा मंडप आभाळाकडे बघत होता. पावणी चालवणाऱ्याने स्वतः बोलू नये, ही रीत मी एकोणीस वर्षं पाळली होती. पण मला राहवेना.

"पन्नास रुपये," मी म्हणालो. "माझे."

मंडप आणखी गप्प झाला. मी भिकाजीकडे बघितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तो मोठ्या निष्ठेने माझ्याकडे बघत होता. गोकुळदासही तसाच. शपथ साऱ्या वाड्याला कळवली होती, आणि मेले ती पाळत होते! माझा हात चुकून कानाकडे जाईल म्हणून मी तो पाठीमागे धरला. "एक वार," मी म्हणालो आणि थांबलो. पन्नासाच्या पहिल्या बोलीवर कोणाचा नारळसुद्धा कधी गेला नव्हता. "दोन वार." अरे, कोणीतरी साठ म्हणा रे, निदान एकावन्न तरी म्हणा.

"एकशें पंधरा!"

आवाज बायकांच्या बाजूने आला. सुमंगला उभी राहिली होती, पदर खोचून. साऱ्या मंडपाने तिच्याकडे बघितलं.

"एकशें पंधरा," ती सावकाश म्हणाली, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "मागचीं दोन शून्यां आमच्या ह्यांनी दिवाळीकच भरली हत."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग भिकाजीने तोंडावरचे हात काढले आणि तो असा हसला की त्याच्या मागे सगळा मंडप हसला. गोकुळदास शून्यं जोडून अकरा हजार पाचशे कसे होतात ते शेजाऱ्यांना समजावून सांगत होता. सिद्धी आईच्या मागे तोंड लपवून बसली होती, हसत होती की रडत होती कोण जाणे. माझी अब्रू देवीच्या दारात, चौथऱ्यावर, माझ्याच बायकोने लिलावात काढली होती. माझी ती कुजबुजती शिट्टी आत चुलीपर्यंत ऐकू गेली होती तर. आणि खरं सांगू? गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला मोकळं वाटलं.

"आणखी एक," सुमंगला म्हणाली. "हिरड्यो तयार झाल्यो काय, तां विचारूक फाल्यां डॉक्टराकडे मी येतंय."

मी चौथऱ्यावरून तिच्याकडे बघितलं. पाठीमागचा हात पुढे आणला, आणि साऱ्या गावाला दिसेल असा कान खाजवला. मंडप एकदम गप्प झाला.

"तीन वार," मी म्हणालो आणि पुठ्ठा तिच्या हातात दिला.